एकनाथरावांची दिवाळी-छाटणी

एकनाथराव पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त कचेरीपुरतं. हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांचं पर्यवेक्षण अखंड चालू होतं, आणि हाताखाली उरलेला एकमेव कर्मचारी म्हणजे त्यांची बायको, त्रिवेणीबाई.

त्रिवेणीबाईंनी उभ्या संसारात स्वतःसाठी म्हणून काही मागितलं नव्हतं. साड्या नणंदांच्या पसंतीच्या, भाजी नवऱ्याच्या आवडीची. मग एकदा लेकीबरोबर उटीला गेल्या आणि तिथल्या एका कुंपणाशी फुलकोबीच्या गड्ड्याएवढी निळी फुलं बघून जागच्या हलेनात. "मला हे पाहिजे," म्हणाल्या. लेकीला वाटलं, आईला ऊन लागलं. परत आल्यावर तिनं नर्सरीतून त्याच फुलांची, हायड्रेंजियाची, फुललेली कुंडी आणून दिली. ती फुलं वाळली आणि त्यानंतर झाडानं जे मौन धरलं, ते धरलंच.

आता घरात तज्ज्ञ असताना झाडाला अडचण कसली? एकनाथरावांनी झाडाची सूत्रं ताब्यात घेतली. बाईंनी कुंडी पूर्वेच्या बाल्कनीत ठेवली होती, सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली. "झाडाला ऊन पाहिजे, एवढं साधं कळत नाही?" म्हणत त्यांनी ती पश्चिमेला नेली. हैदराबादच्या एप्रिलनं दोन दिवसांत पानांचे पापड केले. बाईंनी कुंडी मुकाट्यानं परत आणली. झाड सावरलं आणि रावसाहेबांनी ते आपण घातलेल्या शेणखताच्या खाती जमा केलं.

मग पाण्याचा शोध लागला. बोअरचं पाणी जड, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो, हे खरंच होतं. म्हणून गच्चीवर साठवलेलं पावसाचं पाणी खाली आणायचं ठरलं. ठरवलं एकनाथरावांनी, बादल्या आणल्या बाईंनी. फूल निळं यावं म्हणून एकनाथरावांनी कुंडीत गंजके खिळे पुरले. फूलच नव्हतं, पण रंगाची तजवीज झाली होती.

दर दिवाळीच्या आधी घर झाडून-पुसून झालं की मोठ्या समारंभाची वेळ यायची. एकनाथराव कात्री घेऊन बाल्कनीत उतरायचे. जास्वंद, मोगरा, हायड्रेंजिया, सगळ्यांची एका मापात हजामत. "लक्ष्मी यायची तर घर नीटनेटकं नको?" हायड्रेंजियाच्या शेंड्यांवरचे जाड डोळे टपाटप सुपलीत पडायचे. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या पद्मानं विचारलं, "आंटी, फूल नै आया क्या अब्भी?" की एकनाथराव आतून सांगायचे, "हिच्या हातालाच गुण नाही!"

बाई हसून सोडून द्यायच्या. पण एकदा भांडी घासताना त्यांनी आपले हात नळाखाली बराच वेळ धरून पाहिले. या हातांनी तीन लेकरं वाढवली होती, आणि आता एका झाडापुढं ते अपराधी ठरले होते. त्या दिवशी त्यांना रडू आलं. भाजीत मीठ मात्र बरोबर पडलं.

पुढच्या दिवाळीला एकनाथराव पंखा कसा पुसावा याचं प्रात्यक्षिक देताना स्टुलावरून पडले. पाय प्लास्टरमध्ये गेला. पलंगावरून हुकूम सुटत राहिले, पण कात्री काही पलंगावरून चालेना. बाईंनी फराळ केला, दवाखाना केला. हायड्रेंजियाला कुणी हात लावला नाही. लक्ष्मी तशाच अव्यवस्थित घरात आली बिचारी.

आणि मार्चमध्ये त्या जुन्या, न कापलेल्या शेंड्यांवर फुलांचे गड्डे धरले. चांगले चार. निळे नाहीत, गुलाबी, कारण खिळ्यांना कामात रस नव्हता. बाई कुंडीपुढं पाटावर बसल्या. ऊन तेच, पाणी तेच, हातही तेच. यंदा आली नव्हती ती फक्त कात्री. म्हणजे दर दिवाळीला सुपलीत पडायची, ती फुलंच होती की! त्यांना एकदम संताप आला आणि मग इतका आनंद झाला, की त्या पद्माला हाक मारायलाही विसरल्या.

पद्माला हाक एकनाथरावांनी मारली, कुबड्या टेकत. "देखो, मेरे शेणखत का कमाल!"

 बाईंनी दिवाळीची वाट पाहिली.

दिवाळी आली. पाय धडधाकट झालेले एकनाथराव कात्रीला तेल देऊन बाल्कनीत आले, तर हायड्रेंजियापुढं खुर्ची टाकून त्रिवेणीबाई बसलेल्या.

"सरक गं, छाटायचंय."

"याला हात लावायचा नाही."

"का?"

"याचं फूल जुन्या फांदीवर येतं. इतकी वर्षं तुम्ही फुलंच कापलीत. आणि झाड माझं आहे."

'माझं' हा शब्द बायकोच्या तोंडून एकनाथराव पहिल्यांदाच ऐकत होते.  कात्री हातात तशीच.

"मग मी कापू काय?"

"आत भेंडी धुऊन ठेवलीय," बाई म्हणाल्या. "इथंच घेऊन बसा, माझ्यासमोर. आणि कात्रीनं नक्को, विळी घ्या."

एकनाथराव विळी घेऊन बसले. त्रिवेणीबाई खुर्चीतून नजर ठेवून होत्या. पहिलीच भेंडी जाड झाली, तशी त्या म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुणच नाही."