श्वास सोडायची शिकवणी

रोह्याला कंपनीत मी ऑपरेटर होतो. एका सकाळी वाफेची लाइन फुटली आणि माझ्या शेजारी उभा असलेला फिटर गेला. मला साधा ओरखडाही आला नाही. सगळे नशीबवान म्हणाले. मग एकदा जवळच्या वरसे गावातल्या आमच्या घरी कुकरची शिट्टी झाली आणि मी भरल्या ताटावरून उठून अंगणात पळालो.

"अवो, कुकर हाय तो," बायको मागून धावत आली. तिने कुकर माळ्यावर टाकून दिला, पण माझ्या छातीतली धडधड काही थांबेना.

डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे. नसा ताणून बसल्यात, त्यांना शांत करायला शिका." त्यांनीच पेणचा श्वसनाचा वर्ग सुचवला. तिथल्या रामवाडीत एक निवृत्त पीटीचे सर रविवारी फक्त पुरुषांना शिकवत. बायकामाणसांसमोर पुरुष भीती कबूल करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

"श्वास आपोआप येतो. सोडायला शिका, सावकाश," सर सांगायचे. तळपाय फरशीला टेकवून आम्ही बाप्ये फुंकर घालत बसायचो. आधी हसू यायचं. पुढे मात्र तेवढ्यापुरतं खरंच बरं वाटू लागलं.

माझ्या शेजारी गणपतीच्या कारखान्यातला एक आखणीवाला बसायचा. मूर्तींचे डोळे रंगवणं हे त्याचं काम. तरणा मुलगा गेल्यापासून त्याचा हात थरथरायचा. "हात माजाच हाय, पन ऐकत नाय," तो म्हणायचा.

एका रविवारी तो लहानशी मूर्ती आणि कुंचला घेऊन आला. आम्ही सगळे त्याच्याबरोबर श्वास सोडत बसलो. मग त्याने रेघ ओढली. पहिला डोळा असा उतरला, की सरांनीही हात जोडले. दुसऱ्या डोळ्याला कुंचला घसरला आणि काळा रंग गालावर ओघळला. त्याने तो फडक्याने पुसला.

त्यानंतर तो आला नाही. मी कारखान्यात जाऊन पाहिलं, तर तो टेम्पोत मूर्ती चढवत होता.

"वजन असलं की हात गप बसतो," तो म्हणाला. "आता ह्येच बरं."

"वर्गाला ये ना."

"कशाला? येकाच डोळ्याचा गणपती कोन घेल?"

मीही कंपनीत परत जाऊन पाहिलं. गेटच्या आत शिफ्टचा भोंगा झाला आणि शिकलेलं सगळं विसरून मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. वॉचमनने पाणी दिलं. त्यानंतर मी आत गेलो नाही.

वर्गातली माणसं गळत गेली आणि शेवटी सरांनी वर्ग बंद केला. निघताना मी विचारलं, "सर, तुम्हाला याचा गुण आला?"

त्यांनी सतरंजीची घडी घातली. "मला तरी कुठं झोप लागते," ते म्हणाले, आणि दाराला कुलूप लावायला वळले.