हिरवा कुठला, ताई?

फोन आला तेव्हा मी आमच्या नेहमीच्या धाग्याच्या दुकानात, काउंटरला टेकून, गडद निळ्या धाग्याचा कोन दाराच्या उजेडात फिरवून बघत होते. काल्हेरच्या एका शाळेचे बॅज करायचे होते. दुकानदार म्हणत होता, “भाभी, शेड नंबर वही है, बस लॉट दूसरा है,” आणि मी मनात म्हणत होते, लॉट दुसरा म्हणजे रंगही दुसरा, ताई हा घेऊ देणार नाहीत. तेवढ्यात शेजारच्या नसीमआपांचा नंबर दिसला. “मनीषा, घर आ जा,” एवढंच म्हणाल्या. “क्या हुआ, आपा?” “तू पहले आ जा...” ताई जिन्यात पडल्या, हेच पहिलं मनात आलं. नीट दिसलं नसेल, पायरी चुकली असेल... गेली चार वर्षं मी ह्याच फोनला भीत होते. रिक्षा कल्याण नाक्यावर ट्रकांच्या मागे अडकली तेव्हा मी पायऱ्या मोजत होते, कितव्या पायरीवरून पडल्या असतील म्हणून. घरी पोचले तर ताई मशीनसमोरच्या खुर्चीतच बसलेल्या. मान जरा कललेली. दुपारचा चहा घेऊन आलेल्या नसीमआपांनी हाक मारली, ओ आली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. पायरी नाही, डोळे नाहीत. मी जिकडे पहारा देत बसले होते तिकडून मरण आलंच नाही.

ह्याला आता सहा आठवडे झाले.

कुंदाताई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन कामतघरच्या ह्या घरात आले तेव्हा थोरले दीर जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांची प्राजक्ता चौथीत होती. ताई घरीच मशीन एम्ब्रॉयडरी करायच्या. आधी साध्या मशीनला मोटार लावून, रिंग हातानं फिरवत. मग एका सुईचं कॉम्प्युटरवालं मशीन घेतलं. डिझाइन मशीन काढतं, असं लोक म्हणायचे. ताई म्हणायच्या, “रेघ मशीन काढतं गं, रंग मलाच लावावा लागतो.” मशीनच्या बाजूला लोखंडी कपाट होतं, आणि त्या कपाटात आमच्या घरातली सगळी श्रीमंती. खालून वर गडद ते फिके असे धाग्यांचे कोन. पांढरा, काळा, लाल आणि सोनेरी नेहमी दोन-दोन जास्तीचे, कारण हे चौघे ऐन वेळी दगा देतात असं त्यांचं म्हणणं. मुलांच्या गणवेशाला पॉलिस्टर, कारण आया ते घासून धुणार. साडी-ब्लाउजला रेयॉन, कारण त्याला चमक आहे. खिडकीच्या उन्हात ठेवलेला रेयॉन वाळतो आणि पटापट तुटतो, म्हणून कपाटाला दार हवंच. शिवाय आमच्या गल्लीत लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं, तूस उडतं, ते धाग्यावर बसलं की सुईत गाठ होते. नवा कोन आणला की हातभर धागा ओढून झटका द्यायच्या. सहज तुटला तर परत. आणि कोनावरचा रंग कधीच खरा मानायचा नाही... एक पदर कापडावर सोडायचा, दारात जायचं, दिवसाच्या उजेडात बघायचं. हिरव्याच्याच बावीस छटा होत्या त्यांच्याकडे. त्या मला शिकवायच्या आणि मी विसरायचे. मला वाटायचं, आहेत की ताई.

चार वर्षांपूर्वी त्यांना खोकला लागला. संध्याकाळी बारीक ताप, अंग उतरत चाललेलं. तपासणीत टीबी निघाला. सरकारी दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं, पूर्ण कोर्स घ्या, बऱ्या व्हाल. पण ताईंची आई ह्याच दुखण्यानं खोकत-खोकत गेली होती, आणि ताईंनी ते सात वर्षांच्या वयात दाराआडून पाहिलं होतं. शिवाय त्याच सुमाराला प्राजक्तासाठी डोंबिवलीचं स्थळ आलं होतं, बोलणी पुढे सरकली होती. “आईला टीबी आहे म्हटलं की संपलं,” ताई म्हणाल्या. घरात मी आणि आमचे हे, एवढ्यांनाच माहीत. गोळ्यांची पाकिटं धाग्याच्या रिकाम्या खोक्यात ठेवायची, असं ठरलं. वरच्या फळीवर, सोनेरीच्या मागे.

दोन-अडीच महिन्यांनी खोकला थांबला, वजन चढायला लागलं. मी निःश्वास टाकला. त्याच दिवसांत एकदा ताई म्हणाल्या, “मनीषा, तुझं अक्षर चांगलं आहे. ह्या कोनांवर चिठ्ठ्या लाव ना. पोपटी, मेंदी, शेवाळी... नाव मोठं लिही.” मला कौतुक वाटलं, किती टापटीप म्हणून. दोन दुपारी बसून मी चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या शेजारी बसून एकेक कोन हातात द्यायच्या आणि विचारायच्या, “हा कुठला म्हणशील?” जणू माझीच परीक्षा घेताहेत. मी सांगायचे, त्या मान डोलवायच्या. आज कळतं ते. त्या मला शिकवत नव्हत्या. त्यांना उत्तर माहीतच नव्हतं.

मग पूर्णा गावच्या एक मावशी आल्या. त्यांच्या मुलीच्या हळदीच्या साडीवर वेल भरायची होती, लाल फुलं आणि हिरवी पानं. ऑर्डर ताईंनी एकटीनं पूर्ण केली, मी माहेरी गेले होते. मावशींनी दारातच साडी उलगडली आणि पदर उजेडात धरला. मग म्हणाल्या, “अगो बाय, पाना हिरवी सांगितली व्हती ना? ही त विटेसारखी हायत!” मी पुढे होऊन पाहिलं. पदरभर वेल, एकसारखी सुबक, एक टाका चुकलेला नाही, आणि प्रत्येक पान तांबूस तपकिरी. ताई हसल्या. म्हणाल्या, “पिकली पानं काढलीत मावशी, आजकाल तशीच फॅशन आहे.” मावशी साडीची घडी घालू लागल्या. “हळदीच्या साडीवर सुकला पाला? न्हाय गो बाय, असा न्हाय चालायचा.” दुसऱ्या साडीवर करून देऊ, असं मीच मध्ये पडून सांगितलं. त्या गेल्यावर मी कपाटातून दोन कोन काढले, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या उपटल्या आणि ताईंच्या पुढ्यात धरले.

“ह्यातला हिरवा कुठला, ताई?”

त्या बराच वेळ बघत होत्या. आधी कोनांकडे, मग माझ्याकडे. रस्त्यापलीकडच्या लूमचा खडखडाट तेवढा येत होता. मग अगदी हळू म्हणाल्या, “दोन्ही एकच आहेत ना गं?”

ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता. तीन आठवड्यांपासून असं होतंय, म्हणाल्या. आधी लाल मळकट झाला, मग हिरवा त्यात बुडाला, आता चिठ्ठ्यांवरची अक्षरंही लागत नाहीत. दर महिन्याला डॉक्टर विचारतात, दिसण्यात काही फरक वाटतो का, आणि ह्या वेळीही ताईंनी सांगितलं होतं, नाही. “ह्या गोळ्यांनीच होतंय, मला कळतंय. पण सांगितलं तर त्या गोळ्या बंद करतील, आणि खोकला परत येईल. आईसारखा. मनीषा, प्राजूचं लग्न होऊ दे. तोवर कुणाला बोलू नकोस, तुला माझी शपथ आहे.”

मी शपथ पाळली. अकरा दिवस. ते अकरा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. स्वयंपाक करताना माझं लक्ष त्यांच्या पावलांकडे. मशीन सुरू झालं की मी येऊन सुईजवळ उभी, बोट खाली जाईल म्हणून. धागे मीच काढून देत होते, आणि बाहेरून सगळं पूर्वीसारखं चाललं होतं. त्या रोज सकाळी लाल कोन घेऊन दारात जायच्या, उजेडात धरायच्या आणि काही न बोलता परत ठेवायच्या. मी विचारत नव्हते. विचारायची भीती वाटत होती. आमच्या ह्यांनाही बोलले नाही. ते वडप्याच्या गोदामातून ड्युटी करून दमून येत, आणि मी ताट वाढताना प्रत्येक वेळी तोंड उघडून मिटून घेत असे. मला वाटायचं, उद्या फरक पडेल. असं वाटण्यात किती दिवस जातात...

बाराव्या दिवशी भरदुपारी मी बाजारातून आले. दार उघडं होतं, ऊन आत आलेलं. ताई माझ्यापासून दोन हात अंतरावर उभ्या होत्या. माझ्या चेहऱ्याकडे सरळ बघत त्यांनी विचारलं, “कोण आहे? कोण पाहिजे?”

दुसऱ्या दिवशी त्यांचा दवाखान्याचा दिवस होता. मी म्हटलं, मीही येते. मॅडमनी वजन पाहिलं, खूश झाल्या. मग नेहमीचा प्रश्न विचारला, “दिसायला काही त्रास?”

“काही नाही,” ताई म्हणाल्या.

“खोटं आहे, मॅडम,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. “त्यांना लाल-हिरवा कळत नाही. काल त्यांनी मला ओळखलं नाही.”

मॅडमनी टेबलावरची दोन पेनं उचलली, एकाचं टोपण लाल, एकाचं हिरवं. ताईंनी पेनांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे जिथे मी असेन असं त्यांना वाटत होतं तिथे. मॅडम रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. रोजच्या गोळ्यांतली एक तिथल्या तिथे बंद केली, बदली दुसरी लिहून दिली आणि डोळ्यांच्या तपासणीला पाठवलं. “उपचार थांबत नाहीत, फक्त गोळी बदलतोय. हे लगेच सांगायचं असतं हो,” एवढंच म्हणाल्या. परतीच्या रिक्षात ताई बाहेर बघत बसल्या होत्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, “माझ्या पोरीचं लग्न मोडलं, तर ते तू मोडलंस.” मग महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

लग्न मोडलं नाही. खोकलाही परतला नाही. कोर्स पुरा झाला, रिपोर्ट स्वच्छ आला. नजर मात्र फार हळू परत आली. आधी चेहरे आले, मग पाटीवरची अक्षरं. हिरवा अर्धामुर्धा आला. लाल आलाच नाही. प्राजक्ताच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना ताई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “शालूचा रंग कसा दिसतोय तिला?” मी म्हटलं, “कुंकवासारखा, ताई. अगदी ताज्या कुंकवासारखा.” त्यांनी माझा हात घट्ट दाबला. त्या दिवसापासून आम्ही पुन्हा बोलू लागलो.

मग काम दोघींचं झालं. रंग मी बघायचे, निवड त्यांची. “ह्या जांभळ्यात निळा जास्त आहे की लाल?” “लाल.” “मग शेजारी मोरपंखी नको, भांडतील. राखाडी लाव.” न दिसणारे रंग त्या माझ्या तोंडून ऐकून जुळवायच्या, आणि ते जुळायचे. पण माझी भीती गेली नाही. त्या जिन्यावर असल्या की मी खाली, त्या रस्ता ओलांडायला निघाल्या की मी मागे. एकदा धीर करून विचारलं, “ताई, मी ते अकरा दिवस आधी बोलले असते, तर लालही परत आला असता का?” त्या धाग्याचं टोक कातरत होत्या. म्हणाल्या, “तुझे अकराच होते. माझे त्याआधीचे तीन आठवडे होते. ते कुणाकडे मागू?” आणि पुन्हा कातरायला लागल्या. ह्यात माफी होती का, मला अजून कळलेलं नाही.

तेराव्यानंतर ह्यांनी विचारलं, धाग्याचं कपाट देऊन टाकायचं का, तू एकटी काय करणार. मी नको म्हटलं, आणि म्हणताक्षणी घाबरले. आजवर माझ्याकडे डोळे होते, पण ठरवायचं त्यांनी. गेल्या आठवड्यात प्राजक्ताचा फोन आला. तिला सातवा महिना आहे. “काकू, बाळाच्या दुपट्यावर काहीतरी काढ ना. पांढऱ्यावर राणी रंग. आईनं तसंच काढलं असतं.” मी राणी रंगाचा नवा कोन आणला. हातभर ओढून झटका दिला, दारात जाऊन पाहिला. मग पांढऱ्या चिंधीवर चार टाके घातले, वाडग्यात कढत पाणी घेतलं आणि चिंधी त्यात बुडवली. धागा रंग सोडणारा असला तर तो तिथेच कळतो. सोडला तर बाळाचं दुपटं गेलंच. असं करताना ताई कधी बसायच्या नाहीत, वाडग्यावर वाकून उभ्या राहायच्या, पाणी पार गार होईपर्यंत.

मी वाकून उभी राहिले. घरात कुणी नव्हतं. पाणी स्वच्छ होतं. वीस मिनिटांनी पाहिलं, स्वच्छच होतं. चिंधी बाहेर काढायला हात पुढे केला, पाण्याला बोट लावलं... ते अजून कोमट होतं. मी हात मागे घेतला.