लिफ्टसाठी भांडलेला माणूस

त्या सकाळी मी ठाण्याला लेकीकडे होते. नातवाच्या शाळेची गडबड चाललेली, गॅसवर पोहे, आणि डोंबिवलीहून शेजारणीचा फोन आला. "शुभावहिनी, लगेच निघा. दत्ताभाऊ बोलत नाहीयेत..." बोलत नाहीयेत म्हणजे काय, असं मी चिडूनच विचारलं. न बोलणारा माणूसच नव्हे हा! वाटभर मी मनातल्या मनात ह्यांना झापत होते, की गोळी चुकवली असेल, मी घरी नाही हे बघून रात्री श्रीखंड चापलं असेल. दारातला चपलांचा ढीग बघितला आणि काय ते कळलं. टीव्हीसमोर, सोफ्यावर बसल्या बसल्या गेले. "भाग्यवान हो, काही त्रास नाही झाला," असं जो तो म्हणत होता. मला त्या शब्दाचा इतका संताप आलेला! एकसष्टाव्या वर्षी कसलं आलंय भाग्य?

आमचे हे, म्हणजे दत्ताराम, सोसायटीचे सेक्रेटरी. जुनी बिल्डिंग तीन मजली, लिफ्ट नाही. पहाटे पाणी आलं की पंप चालू करायला खाली, टाकी भरली का बघायला गच्चीत, कोणाचा सिलिंडर आला की परत खाली. एमआयडीसीतल्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे, तिथेही चालतच जायचे. तेव्हाही खाणं दांडगंच होतं. लहानपण दिवा स्टेशनजवळ एका खोलीत गेलेलं, पाच भावंडं, भात पुरला नाही की पेज. त्यामुळे समोर आलेल्या अन्नाला नाही म्हणायचं नाही, असा ह्यांचा नेमच होता. पण तेव्हा खाल्लेलं सगळं त्या जिन्यांवरच जिरायचं. लग्नातला कोट पन्नाशीतसुद्धा अंगात जायचा, आणि तो घालून मला मुद्दाम चिडवायचे, "बघ, तुझी साडी तेवढी आखूड झाली!"

लिफ्टचं वेड लागलं ते सासूबाईंमुळे. त्यांचे गुडघे गेले आणि शेवटची चार वर्षं त्या खाली उतरल्याच नाहीत. समोरच्या देवळातली घंटा खिडकीतून ऐकायच्या आणि तिथूनच हात जोडायच्या. त्या गेल्या तेव्हा खांदा देऊन आल्यावर हे जिन्यातच बसले. मला म्हणाले, "आई एकदाची खाली उतरली गं. चौघांच्या खांद्यावरून..." मग पुनर्विकासासाठी हा माणूस हात धुऊन मागे लागला. बिल्डरशी भांडले, ज्यांना जागा सोडायची नव्हती त्यांच्या घरी जाऊन पाया पडले. शेवटी टॉवर उभा राहिला. आम्हाला सातवा मजला मिळाला. लिफ्टची पूजा ह्यांच्याच हातून झाली. नारळ फोडताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि लोकांना वाटलं आनंदाने.

त्याच सुमारास हे निवृत्त झाले. आता पंप आपोआप चालू, आपोआप बंद. किराणा फोनवर, भाजी फोनवर, औषधंसुद्धा दारात. सोफा, टीव्ही आणि हातात वाटी. पँटी दोनदा सैल करून घेतल्या, तिसऱ्यांदा शिंपीच म्हणाला, "भाऊ, नवीनच शिवा." त्यात सेक्रेटरी पडले, मग काय! कोणाकडे सत्यनारायण असो की बारसं, शिऱ्याची वाटी पहिली आमच्याकडे. मी हात आडवा केला की ठरलेलं वाक्य, "वहिनी, एकाने काय होतंय हो!" अहो, एकाने काहीच होत नाही, पण अशी घरं किती आहेत बिल्डिंगीत ते मोजा की! मी घरात साखर बंद केली, तर हे खाली सोसायटीच्या ऑफिसात जाऊन समोसे मागवायचे.

तपासण्या झाल्या. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, यकृताला चरबी. डॉक्टरबाई तरुण होत्या, नीट समजावत होत्या. "काका, तुम्ही भरपूर खाता आणि हलत नाही. स्नायू साखर वापरणार कशी? ती रक्तातच फिरते, उरलेली चरबी होऊन साठते. इन्सुलिन असतं, पण शरीर त्याचं ऐकेनासं झालंय. गोळी देते, पण चालणं मी गोळीत घालून देऊ शकत नाही." ह्यांनी लगेच, "म्हणजे डॉक्टर, पंप चालू आहे पण वरच्या टाकीत पाणी चढत नाही म्हणा की." बाई हसल्या. मला रडू येत होतं.

घरी आल्यावर आमचं कडाक्याचं वाजलं. मी म्हटलं, निदान जेवल्यावर गच्चीत तरी फिरा. तर म्हणाले, "जन्मभर जिने चढलो शुभा. आता जरा बसू दे की." खरंच चढले होते हो, सगळ्यांच्या वाटचे चढले होते. तरी मी विचारलंच. "माझ्यासाठी उठाल का? बाकी काही मागत नाही. मला मागे ठेवून जाऊ नका..." ह्यांनी रिमोट उचलला. टीव्हीचा आवाज वाढवला. ते गेल्यापासून तो आवाज माझ्या कानातून जात नव्हता. भेटायला येणाऱ्यांसमोर मी रडत होते, पण आतून जळत होते. एवढ्या वर्षांच्या संसारात एकच गोष्ट मागितली, आणि या माणसाने ती कानावरसुद्धा घेतली नाही.

गेल्या आठवड्यात लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. टॉवरचा जिना मी पहिल्यांदाच चढत होते. चौथ्या मजल्याच्या वळणावर निळी प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली. मी टेकले, तेवढ्यात परबकाकूंनी दार उघडलं. मला बघून त्यांचा चेहराच उतरला. "भाऊंची खुर्ची आहे ती. मी कोणाला हलवू दिली नाही," म्हणाल्या. मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. दुपारी माझा डोळा लागला की हे ऑफिसात जातो म्हणून खाली जायचे आणि जिन्याने चढायला लागायचे. आधी खुर्ची पहिल्या मजल्यावर होती. दम टिकायला लागला की एक मजला वर न्यायची. गणपतीनंतर चौथ्यावर आणलेली. इथे बसून घाम पुसायचे, काकूंकडे तांब्याभर पाणी मागायचे, आणि पुढे लिफ्टने घरी.

"मला का नाही सांगितलंत काकू?"

"त्यांनी शपथ घातलेली. म्हणाले, सातव्यावर चढून गेलो की बेल वाजवून मीच सांगणार तिला. आत्ता कळलं तर रोज हजेरी घेईल."

घेतलीच असती. रोज घेतली असती...

काकूंनी पाणी आणलं. खुर्ची वर पाठवू का, म्हणाल्या. मी नको म्हटलं. तीनच मजले राहिले होते, अहो. मला एकदा सांगायचं होतंत, मीही आले असते बरोबर.