भाऊजींचा मुका कॉम्प्युटर

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले तरी दर सोमवारी त्यांना कारखान्याचं बोलावणं असतं. एखादं मशीन कुरकुरायला लागलं की भाऊजी त्याच्याशेजारी डोळे मिटून उभे राहतात आणि कुठलं बेअरिंग निकामी होत चाललंय ते सांगतात. त्या एका दिवसासाठी ते बाकीचा आठवडा ढकलतात, असं मी म्हटलं तर ताईलाही राग येणार नाही. "कान आहेत तोवर मी फिटर आहे," हे त्यांचं पालुपद. हल्ली ताईला त्या कानांबद्दलच शंका यायला लागली होती. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, आणि कान तपासून घ्या म्हटलं की भाऊजी चवताळायचे. मेव्हणीला खोड्या काढायचा हक्क असतो, पण या विषयावर मीही जपूनच बोलायचे.

मागच्या रविवारी त्यांच्याकडे गेले, तर घरात दोन आजारी. पहिलं ताईचं स्वयंपाकघरातलं वॉशिंग मशीन. बंद असतानाही म्हणे ते मधूनच बारीक आवाजात वाजायचं. मेकॅनिक येऊन गेला, पण त्याच्यासमोर मशीनने तोंड उघडलं नाही. दुसरा आजारी भाऊजींचा कॉम्प्युटर.

हे एक म्हातारं धूड आहे. पिवळट पडलेला डबा, मागे भलंमोठं पोट असलेला मॉनिटर. कारखान्याच्या ऑफिसने मोडीत काढला, तो भाऊजींनी घरी उचलून आणला. मशीनच्या सुट्या भागांची चित्रं ते त्यावर काढत बसायचे. सुरू व्हायला वेळ घ्यायचा, पण व्हायचा. मग भाऊजींना त्याला तरुण करायची हुक्की आली. जुन्या बाजारातून मेमरीची एक जादा पट्टी, मोठी हार्ड डिस्क आणि डिस्प्ले कार्ड आणलं आणि तिन्ही एका बैठकीत बसवून टाकलं. तेव्हापासून बटण दाबलं की पंखा तेवढा घरघरायचा, पडदा काळा ठिक्कर.

"तिन्ही एकदम?" मी म्हटलं. "कारखान्यात कुणी एका वेळी दोन नट फिरवले तर तुम्ही त्याला फाडून खायचात ना?"

"अगं, उघडलंच आहे तर म्हटलं..." भाऊजी ओशाळले. "पण दोष त्याचा नाही. आतला मुख्य बोर्डच गेलाय. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला होता. तो म्हणाला, मेमरीत गडबड असेल तर आतला बझर वाजत राहतो. काहीच वाजत नसेल तर बोर्डचा निकाल लागला समजा. मी कान लावून बसलोय. हूं नाही, चूं नाही."

कान लावून म्हणाले, म्हणजे विषय संपला. भंगारवाल्याला निरोपही गेला होता.

मला काही स्वस्थ बसवेना. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण परवापर्यंत चालणारी वस्तू चांगलंचुंगलं मिळाल्यावर का मरावी, हे मला बघायचंच होतं.

"एकदा लावून दाखवा," मी म्हटलं.

उघड्या डब्यावर वाकून भाऊजींनी बटण दाबलं. पंखा घरघरला. आणि त्या घरघरीतून एक बारीक, टोकदार आवाज यायला लागला. टीं... टीं... टीं...

"बघितलंस?" भाऊजी म्हणाले. "मुका."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसलेसुद्धा. पण त्यांचा चेहरा गंभीर होता, आणि नाक जवळजवळ डब्यात शिरलं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "लागलं बाई परत केकाटायला! आता हातोडाच घालते या मशीनला!"

"भाऊजी, बंद करा जरा."

त्यांनी बंद केला.

"थांबलं मेलं," आतून ताई.

"आता परत लावा."

"आलं पुन्हा!"

खरं काय ते सांगायची मला हिंमतच होईना. पण भाऊजींचा जन्म बिघाड शोधण्यात गेलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग स्वतःच बटण दाबायला लागले. चालू, बंद. चालू, बंद. प्रत्येक वेळी ताईचं बोलणं बरोबर त्याच क्षणी यायचं. शेवटी ती वैतागून दारात येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिच्या तोंडाकडे बघत बटण दाबलं. तिच्या कपाळावर आठी पडली. तिची नजर वॉशिंग मशीनकडून हळूहळू या डब्याकडे वळली.

भाऊजींनी आत हात घालून, चाचपडत, शर्टाच्या बटणाएवढा काळा बझर शोधला. त्यावर बोटाचं टोक टेकवलं आणि तसेच थांबले.

"वाजतोय," ते म्हणाले.

मला माझा भयंकर राग आला. कशाला हा चोंबडेपणा केला? डबा भंगारात गेला असता तर गेला असता. उद्या सोमवार होता. कुठल्या तोंडाने ते मशीनशेजारी डोळे मिटून उभे राहणार होते? ताईसुद्धा ओले हात पदराला पुसत राहिली.

पण भाऊजी काम अर्धवट टाकणाऱ्यातले नव्हेत. "म्हणजे मेमरी," असं पुटपुटत त्यांनी नवी पट्टी उपटून बाजूला ठेवली. जुनीची सोनेरी टोकं खोडरबराने घासली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून ती खटकन बसवली. बटण दाबलं. मॉनिटर उजळला आणि पांढरी अक्षरं भराभर खाली उतरायला लागली. नवी हार्ड डिस्क, नवं कार्ड, सगळं त्याने ओळखलं. जुन्या आणि नव्या पट्टीचं आपसात पटत नव्हतं, एवढंच दुखणं होतं.

मी टाळी वाजवायला हात उचलले आणि मध्येच थांबवले. भाऊजींचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी खुर्ची ताईकडे वळवली.

"अगं," त्यांनी विचारलं, "या घरात आणखी काय काय वाजतं?"

विचारण्यात राग नव्हता की रडगाणं नव्हतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

ताई जपून सांगायला लागली. "दार उघडं राहिलं की फ्रीज वाजतो. कपडे झाले की मशीन. आणि..." ती अडखळली.

"सांग ना."

"तुमच्या हातातलं घड्याळ. रोज सकाळी तुम्ही पेपर वाचत असता तेव्हा त्याचा गजर होतो. मी येते, तुमचा हात धरते आणि तो बंद करते."

भाऊजींनी मनगटाकडे पाहिलं. "तू तर वेळ बघायला येतेस ना?"

"वेळ बघायला भिंतीवर घड्याळ आहे की," ताई म्हणाली.