दोन डावे पंख

घरात आणि घराबाहेर सगळे त्याला फोरमन म्हणत. फर्निचरच्या कारखान्यातून तो निवृत्त झाला, कामगार सुटले आणि बायको सापडली. रिकामपण खायला उठलं तेव्हा त्याने रेडिओच्या रिमोटवर उडणारं दुपंखी विमान बांधायला घेतलं, पंखांची एक जोडी खाली, एक वर, तेही माणूस आडवा होईल एवढं. जेवणाच्या टेबलावर फळी, फळीवर नकाशा आणि नकाशावर टाचण्यांनी जखडलेल्या पंखाच्या फासळ्या. लाकूड भेंडासारखं हलकं, फुंकर मारली तरी भुसा उडून डाळीत पडायचा. घरची माणसं ओट्याशी उभ्याने जेवू लागली. घरची माणसं म्हणजे ती.

ती कपडे शिवायची. बाही बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण या घरात काहीही बिनसलं की खापर तिच्याच डोक्यावर फुटायचं. नळ गळला, तिने जोरात पिळला. घड्याळ मागे पडलं, तिने पुसताना हलवलं. उत्तर द्यायचं तिने केव्हाच सोडलं होतं. हिशेब मात्र मनात ठेवला होता.

खालचे पंख गेल्या वर्षी झाले. नकाशात एकच पंख काढलेला असतो, डावा; तो झाल्यावर उजव्यासाठी नकाशा पालथा घालावा लागतो. कागदाला तेल चोळलं की रेघा मागूनही दिसतात. फोरमन तसाच सुलट्या नकाशावर उजवा पंख जोडायला बसला तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, कागद उलटा नको का करायला? नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतील." त्याने गुपचूप कागद उलटा केला. संध्याकाळी भाऊ आला तेव्हा मात्र म्हणाला, "शिंपीण मला सुतारकाम शिकवते! अगं, तू सांगाड्यावर कापड चढव. लाकडात नाक खुपसू नकोस." दीर पोट धरून हसला. ती हसली नाही.

या वर्षी वरचे पंख. डावा झाला, दुसरा सुरू झाला. भाजी निवडता निवडता तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. नकाशा सुलटाच होता. शब्द अगदी जिभेवर आला आणि तिने तो गिळला. खोटं कशाला सांगा, तिला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अशी चूक होत होती जिच्याशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. ती चारचौघांत उघडी पडली म्हणजे झालं.

"बघत काय बसलीस? कापड कधी चढवणार?" लाकूडकाम संपल्यावर तो खेकसला.

तिने चढवलं. फासळी फासळीला बारीक टाका घातला, वर रोगणाचा हात दिला, रंगीत पट्टा ओढला. तिच्या कामावर बोट ठेवायला जागा राहता कामा नये, एवढंच तिने पाहिलं.

जोडणीच्या दिवशी दीर आणि जाऊ मुद्दाम बघायला आले. डावा पंख बसला. दुसरा काही बसेना. जाड धार पुढे केली की पंखाचं सपाट पोट वर यायचं. पोट खाली केलं की पातळ धार पुढे यायची. फोरमनने तो चारदा फिरवला. त्याचे कान लाल झाले. तिने पदराआड ओठ दाबले.

"हिने वाट लावली," तो म्हणाला. "वरचं कापड खाली, खालचं वर! ताणून ताणून पंखाची पाठच फिरवली."

जाऊ चुकचुकली. दीर म्हणाला, "वहिनी, अहो विचारून तरी करायचं."

त्याची चूक तिने स्वतःच्याच हातांनी झाकली होती, आणि इतक्या सफाईने की आता ती कुणाला दिसत नव्हती.

तिने टेबलावरची धारदार पाती उचलली आणि न बसणाऱ्या पंखाचं कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं. मग बसवलेल्या डाव्या पंखाचं. आयुष्यात तिने याहून देखणी शिवण घातली नव्हती. जाऊ किंचाळली, "अगं बाई, वेड लागलं का?"

"भावोजी, इकडे या. पाठ गोल, पोट सपाट, रुंद टोक या बाजूला. आता हा बघा. तसाच्या तसा. कापडाने फासळी फिरते का? दोन्ही डावे आहेत."

दीर वाकून बघत राहिला. मग त्याने भावाकडे पाहिलं. फोरमन कितीतरी वेळ फासळ्यांवरून बोट फिरवत होता. शेवटी त्याने मान वर केली.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"तुम्ही पहिली टाचणी टोचलीत तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस. एवढं लाकूड, एवढे दिवस मातीत जाताना डोळ्यांनी बघत बसलीस."

"हे मात्र खरं हं, वहिनी," दीर पुटपुटला.

खापर पुन्हा तिच्याच डोक्यावर फुटलं होतं, आणि या वेळी ते खरोखर तिचं होतं. तिला वाटलं होतं, अशा वेळी आपल्याला लाज वाटेल. वाटली नाही.

"नाही बोलले," ती म्हणाली. "पुढच्या वेळीही बोलणार नाही."