काउंट मी इन

दिघोरीहून पुण्याला निघालो तेव्हा आई एसटीच्या खिडकीखाली उभी होती. "मानसं जोड बाबू. एकट्यानं जेवत जाऊ नोको," एवढंच सांगत होती, तेही तीनदा. मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, मी जोडली हो माणसं! काय माणसं, काय सांगू.

दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेसारखी; दिवसभर दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, आणि मग नाटक. मंडईला या म्हटलं की लोक येतात, आणि येणार नसले तर तोंडावर सांगतात. पहिल्या वर्षी मी ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. "वॉव, काउंट मी इन!" असं चौघं म्हणाले. इंग्रजी मला येत होतं, मला मोज म्हणाले, मी मोजलं. घरी कळवलं, चार.

आईनं शेजाऱ्यांकडून निजायला चार बाजा उसन्या आणल्या, अंगण सारवलं, कोंबडे कापायला लावले. "माह्या पोराचे पुन्याचे सोबती येऊन राहिले," हे तिनं साऱ्या गल्लीला सांगून टाकलं. मंडईच्या दिवशी दुपार झाली तरी कोणी नाही. फोन केले. तिघांनी उचललाच नाही. चौथा हसला, "अरे, तू सिरियस होतास?"

"बिमार-गिमार त नाही ना कोनी?" आईनं विचारलं. दुसरं कारण तिला सुचतच नव्हतं. "कुठी गेले बापा तुहे साहेब लोक?" शेजारीण दारातूनच हसली. संध्याकाळी आई एकेक बाज डोक्यावर घेऊन परत देऊन आली, आणि घरोघरी त्यांच्यासाठी खोटं बोलली, अचानक काम निघालं म्हणून.

सोमवारी चौघंही कॉफी पीत उभे. "नेक्स्ट इयर पक्का!" लाज म्हणून नाही. साधं 'जमत नाही' म्हणायची हिंमत नसलेली ही जमात, आणि ऐट केवढी! थू असल्या इंग्रजीवर, असं तेव्हा मनात म्हणालो.

त्या शब्दांचा अर्थ त्या दिवशी कळला. वापर शिकायला मात्र तीन वर्षं लागली. आता कोणाची वास्तुशांत असो की ट्रेक, मीही "काउंट मी इन" ठोकतो आणि रविवारी दुपारपर्यंत झोपतो. कोणाचं काही अडत नाही. कोणी मोजलेलंच नसतं.

या दिवाळीत आईचा फोन आला. समोर लॅपटॉप उघडा, कामाची तारीख मंडईच्याच दिवसाची. सुट्टी मागितलीसुद्धा नव्हती. "येतो ना, पक्कं," मी म्हणालो. मराठीत म्हणालो, पण आवाज तोच होता, त्या चौघांचा. माझा मलाच किळस आला.

आई म्हणाली, "येनार नसशीन त नाही म्हन बाबू. तुह्या बाबाले तुह्यासाठी खोटं मी सांगत नाही. घे, तूच बोल."

घर म्हणजे आता तेवढीच जागा उरली आहे, जिथं माझं बोलणं अजून खरं धरतात.

"कोन्या गाडीनं येतं?" बाबा विचारत होते. "मी स्टँडवर येऊन राह्यतो."

"सकाळच्या," मी म्हणालो. तिकीट काढलेलं नव्हतं.