दोन कार्डांची बस

यादोराव एस.टी.चे ड्रायव्हर होते आणि निवृत्त झाल्यावरही ड्रायव्हरच राहिले. जेवायला बसले तरी उजवा पाय जरा पुढे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मात्र स्टिअरिंग हातातून गेलं होतं. साकोलीच्या रस्त्यावर एकदा समोरची झाडं डोळ्यांपुढे अडखळायला लागली. त्यांनी बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग त्यांची शुद्ध हरपली. प्रवाशांना ओरखडाही आला नाही, पण नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी गाडी चालवणं कायमचं बंद केलं. गोळ्यांनी आजार हटला. गाडी काही परत मिळाली नाही.

मुलगी तृप्ती लाखनीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायची. बापाचे हात शिवशिवतात हे तिला दिसत होतं. तिनं त्यांच्या घरी बस चालवायचा गेम बसवायचं ठरवलं. हातात स्टिअरिंग, पायाशी पेडल, समोर तीन स्क्रीन. तीन स्क्रीनला चित्र पुरवायला एक ग्राफिक्स कार्ड पुरेना. तिचा भाऊ अश्वजित नागपुरात नोकरीला. तो फोनवर सांगायचा, एकाच कार्डावर दोन चिप असतात तसलं घे, जागा कमी लागते, वायरींचा पसाराही कमी. तृप्तीचं म्हणणं, आहे त्याच्याच जोडीला तसलंच दुसरं लावू, एक बिघडलं तर दुसरं चालेल. बहीणभावांची अशी जुंपली की आई, विमलाबाई, म्हणाल्या, "तुमच्या बापाले पसंत करताना बी मी येवढा इचार नव्हता केला." शेवटी दुकानवालीचं चाललं. दोन कार्डं बसली.

पहिल्या संध्याकाळी यादोराव थाटात बसले. गिअर टाकला, गाडी वळणावर आली आणि रस्त्याकडेची झाडं अडखळली. त्यांनी डोळे चोळून पाहिले, तरी तेच. "मस्त हाये," म्हणत ते उठले आणि नंतर तिकडे फिरकलेच नाहीत. कधी गुडघा दुखायचा, कधी बांधीतली धानाची रोवणी आठवायची. सबबींना तोटा नव्हता. बायकोला सांगावं तर ती नागपूरची फाईल काढणार, आणि उरलेली सायकलही बंद होणार. आजार परत आला, हे त्यांनी एकट्यानंच गिळून टाकलं.

तृप्तीला वाटलं, बाबांना आपलं काम आवडलं नाही. रविवारी ती तोंड फुगवूनच आली.

"खरं सांगा बाबा, काय बिघडलं?"

"काही नाही."

"मंग मीच चालवून पायते."

ती स्टिअरिंगवर बसली. यादोराव तिच्या मागे भिंतीला टेकून उभे राहिले. वळण आलं.

"हे तं अडखळून राहिलं," तृप्ती म्हणाली.

"काय?"

"झाडं. झटके मारून राहिली."

"तुले बी दिसते?"

"दिसते म्हंजे? मी का आंधळी हाय?"

यादोराव मटकन खाटेवर बसले. हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही आलं. तृप्ती घाबरली, तेव्हा त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं.

"सांगतलं काहून नाही मंग?"

"तू येवढ्या हौसेनं बसवलं होतं. अन् मले भेव वाटलं, बाई."

तृप्तीनं नाक पुसून समजावलं. दोन कार्डं आळीपाळीनं चित्रं काढतात. एकाचं लवकर आलं, दुसऱ्याचं उशिरा, की चालता रस्ता अडखळतो. अश्वजितच्या कार्डातही हेच झालं असतं, आत चिप दोनच ना. "तुमचं डोकं शाबूत हाये, बाबा. जोडी माझी जमली नाही."

तिनं एक कार्ड काढून टाकलं आणि उरलेल्या एकाला झेपेल इतका चित्राचा दर्जा उतरवला. आता झाडांची पानं जरा भरड दिसू लागली, सावल्या तर गेल्याच. पण यादोराव बसले आणि झाडं मुकाट मागे पळायला लागली. त्यांनी मोकळा श्वास घेतला, कितीतरी दिवसांनी.

विमलाबाईंनी चहा आणला.

"ठेव तिथं," ते मान न वळवता म्हणाले. "चालत्या गाडीत डायव्हरशी बोलू नये."

विमलाबाईंनी चहा खाली ठेवला आणि त्यांच्या मागच्या स्टुलावर बसून घेतलं.